एएम सर्किट पहिल्यांदा जोडताना: मॉड्युलेटरपासून डिटेक्टरपर्यंत

एएम म्हणजे अँप्लिट्यूड मॉड्युलेशन: कॅरिअर नावाच्या वाहक लहरीची उंची संदेशाप्रमाणे बदलणं. पुस्तकात हे मॉड्युलेशन एका प्रकरणात येतं आणि संदेश परत काढण्याचं डिमॉड्युलेशन पुढच्या. प्रयोगशाळेतही बहुतेक वेळा दोन वेगळे किट, दोन वेगळे प्रयोग आणि जर्नलमध्ये दोन वेगळ्या आकृत्या असतात. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याच्या हाती दोन सुटे तुकडे लागतात आणि त्यांचा सांधा दिसत नाही. तो सांधा दिसला की एएममध्ये पाठ करण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून हा लेख दोन्ही सर्किटं एकाच टेबलावर, एकापुढे एक जोडून घ्यायला सांगतो.

सांधा असा आहे. एएममध्ये पाठवणारा मुद्दाम जास्त खर्च करतो आणि घेणाऱ्याचं काम सोपं करतो. १०० वॉटची कॅरिअर पूर्ण, म्हणजे शंभर टक्के मॉड्युलेट केली तर एकूण पॉवर १५० वॉट होते. त्यातले १०० वॉट कॅरिअरमध्येच राहतात आणि कॅरिअरमध्ये संदेशाचा अंशही नसतो. संदेश असतो दोन साइडबँडमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या खालच्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सींच्या भागांत, प्रत्येकी २५ वॉट. मॉड्युलेशन निम्म्यावर आणलं तर एकूण ११२.५ वॉटपैकी प्रत्येक साइडबँडच्या वाट्याला फक्त ६.२५ वॉट येतात. एवढी उधळण कशासाठी? कॅरिअर सोबत आली की समोर एक डायोड, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर संदेश परत मिळतो. एक प्रसारण केंद्र आणि लाखो रेडिओ संच असतील तर हा सौदा परवडतो. पुढे प्रत्येक पायरीवर हे ध्यानात ठेवा: मॉड्युलेटरवर तुम्ही जे ठरवता त्याचे परिणाम डिटेक्टरवर दिसतात.

## काय काय लागेल

- दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप. डिजिटल असेल आणि त्यात एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी सुट्या करून दाखवणारी सोय) असेल तर उत्तम.
- दोन सिग्नल जनरेटर, किंवा दोन आउटपुट असलेला एक. शेवटच्या पायरीसाठी दोन आउटपुटचाच सोयीचा पडतो, कारण त्यातली फेज बदलता येते.
- अधिक-उणे १५ व्होल्टचा पॉवर सप्लाय.
- एडी६३३ हा मल्टिप्लायर आयसी. शेवटच्या पायरीसाठी आणखी एक.
- डायोड: १एन४१४८ सिलिकॉनचा, आणि मिळाला तर एक जर्मेनियमचा किंवा शॉट्की.
- १ किलोओहमचे दोन, १० किलोओहमचे तीन-चार आणि १०० किलोओहमचा एक रेझिस्टर. १, १० आणि १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर, शिवाय १ मायक्रोफॅरडचा एक.
- ब्रेडबोर्ड, वायरी, दोन प्रोब.
- आयसीची डेटाशीट, छापलेली किंवा शेजारी उघडी ठेवलेली.
- वही. अपेक्षित आकडा आधी लिहायचा, मोजलेला त्याच्यासमोर नंतर लिहायचा. क्रम उलटा करू नका. आधी मोजून मग हिशेब केला की मन हिशेबाला मापाकडे ओढतं.

अनेक अभ्यासक्रमांत एडी६३३ ऐवजी १४९६ हा बॅलन्स्ड मॉड्युलेटर असतो. चांगला आयसी आहे, पण त्याला बायसिंगचे बरेच रेझिस्टर लागतात आणि कॅरिअर नल करायचं पोटेन्शिओमीटर जपून फिरवावं लागतं. पहिल्या ओळखीसाठी मी एडी६३३ च सुचवेन. गुणाकार समोर दिसतो, लक्ष सुट्या भागांत अडकत नाही.

## पायरी १: जोडणीआधी आकडे ठरवा

कॅरिअर १०० किलोहर्ट्झ, संदेश १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह, कॅरिअरचा पीक ४ व्होल्ट. या लेखातले सगळे हिशेब याच आकड्यांवर आहेत.

कॅरिअर १०० किलोहर्ट्झच का? १० किलोहर्ट्झ घेतली तर संदेशाच्या एका आवर्तनात कॅरिअरची जेमतेम दहा आवर्तनं बसतात. एन्व्हलप, म्हणजे कॅरिअरच्या शिखरांना जोडणारी बाह्यरेषा, नीट दिसत नाही आणि डिटेक्टरचा आरसी (रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा गुणाकार) निवडायला जागाच उरत नाही. १ मेगाहर्ट्झ घेतली तर हा आयसी आपल्या बँडविड्थच्या टोकाला जातो आणि ब्रेडबोर्डच्या शेजारच्या पट्ट्यांमधली नको असलेली कपॅसिटन्सही त्रास द्यायला लागते. शंभरास एक हे प्रमाण शिकण्यासाठी निवांत आहे.

## पायरी २: मॉड्युलेटर जोडा

एडी६३३ चं काम एका ओळीत सांगता येतं. एक्स इनपुट आणि वाय इनपुट यांचा गुणाकार, भागिले १० व्होल्ट, अधिक झेड इनपुट. आपण कॅरिअर एक्सलाही देणार आणि झेडलाही. संदेश वायला. मग आउटपुटवर मिळतं:

आउटपुट = कॅरिअर × (१ + संदेश ÷ १०)

कंसातला १ झेडमधून आला आहे. सुरुवातीला सांगितलेली सगळी उधळण या एका आकड्यात आहे. झेडची वायर काढून तो पिन ग्राउंड केला की कॅरिअर नाहीशी होते आणि फक्त साइडबँड उरतात. तो प्रयोग पुढे येणार आहे.

मॉड्युलेशन किती खोल ते सांगणाऱ्या आकड्याला, म्हणजे मॉड्युलेशन इंडेक्सला, एम म्हणू. संदेशाचा पीक ५ व्होल्ट ठेवला तर एम होतो ०.५, ८ व्होल्ट ठेवला तर ०.८.

एक्स आणि वाय या दोन्ही इनपुटना अधिक आणि उणे असे दोन पिन आहेत. उणे पिन ग्राउंडला जोडा, लोंबकळत ठेवू नका. सप्लायच्या दोन्ही पिनांशी अगदी लगत १०० नॅनोफॅरडचा एकेक कपॅसिटर ग्राउंडला टाका.

इथे बहुतेक जण अडकतात त्या चार जागा:

पिनांचा क्रम. या आयसीच्या लांब पायांच्या आणि पृष्ठभागावर चिकटवायच्या अशा दोन पॅकेजमध्ये पिनांचा क्रम वेगळा आहे. कुणाच्या आकृतीवरून जोडू नका. हातात जे पॅकेज आहे त्याच्याच आकृतीचं डेटाशीटमधलं पान काढा.

जनरेटरवर दिसणारा आकडा. बरेच जनरेटर समोर ५० ओहमचा लोड आहे असं धरून आयाम दाखवतात. मल्टिप्लायरच्या इनपुटचा रेझिस्टन्स मेगाओहममध्ये असतो, त्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट व्होल्टेज येतं. जनरेटरच्या मेनूत लोडची सेटिंग हाय-झेड करा, आणि तरीही खरा आकडा स्कोपवर मोजूनच वहीत लिहा.

पीक आणि पीक-टू-पीक. आपल्या सूत्रात पीक आहे, जनरेटर बहुधा पीक-टू-पीक दाखवतो. ५ व्होल्ट पीक म्हणजे १० व्होल्ट पीक-टू-पीक.

संदेशावरचा डीसी ऑफसेट. संदेशासोबत १ व्होल्ट डीसी चुकून गेला तर कंसातला १ होतो १.१. कॅरिअर वाढते आणि एम घटतो. मोजलेला इंडेक्स हिशेबापेक्षा जरासा कमी येत असेल आणि कारण सापडत नसेल, तर जनरेटरचा ऑफसेट आधी तपासा.

तुमच्या जनरेटरला १६ व्होल्ट पीक-टू-पीक झेपत नसेल तर सोपा उपाय आहे. झेडला पूर्ण कॅरिअर न देता १ किलोओहमच्या दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरमधून निम्मी द्या. मग ४ व्होल्ट पीकच्या संदेशावरच एम ०.८ होतो. आउटपुटची कॅरिअरही निम्मी होते, ते मात्र डिटेक्टरच्या वेळी आठवा.

## पायरी ३: लहर स्थिर करा, मग वाचा

स्कोपच्या एका चॅनेलवर संदेश, दुसऱ्यावर मॉड्युलेटरचं आउटपुट. ट्रिगर संदेशाच्या चॅनेलवर लावा. एएम लहरीवर ट्रिगर लावला तर स्कोपला कॅरिअरचं प्रत्येक शिखर सारखंच वाटतं आणि चित्र धावत राहतं. केवळ ट्रिगरचा स्रोत बदलला नाही म्हणून सर्किट पुन्हा पुन्हा उसवणारे मी खूप पाहिले आहेत. सर्किटला हात लावण्याआधी ट्रिगर बघा.

टाइमबेस असा ठेवा की संदेशाची दोन ते पाच आवर्तनं पडद्यावर येतील. म्हणजे दर चौकोनाला २०० ते ५०० मायक्रोसेकंद.

डिजिटल स्कोपवर आणखी एक फसवणूक होते. टाइमबेस फार हळू ठेवला की स्कोपचा सॅम्पलिंगचा वेग उतरतो. मग मॉड्युलेशन नसलेली साधी कॅरिअरसुद्धा फुगल्या-आक्रसल्यासारखी दिसू शकते, आणि वाटतं की मॉड्युलेशन झालं. खात्री करायची रीत: संदेशाचा जनरेटर बंद करा. पडद्यावर सरळ, एकाच उंचीचा पट्टा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर टाइमबेस वेगवान करा किंवा पीक डिटेक्ट चालू करा.

## पायरी ४: इंडेक्स दोन रीतींनी मोजा

पहिली रीत सगळ्यांना माहीत असते. एन्व्हलप सर्वांत उंच असतो तिथली उंची कमाल, सर्वांत बारीक असतो तिथली किमान.

एम = (कमाल − किमान) ÷ (कमाल + किमान)

४ व्होल्ट कॅरिअर आणि एम ०.५ असेल तर पीक ६ आणि २ व्होल्ट यायला हवेत. ६ उणे २ भागिले ६ अधिक २, म्हणजे ०.५. यात गुणोत्तर असल्याने प्रोबची १एक्स-१०एक्स सेटिंग चुकली तरी एम बरोबर येतो. व्होल्ट मात्र दहापट चुकतात, आणि ती चूक थेट डिटेक्टरच्या हिशेबात जाते.

दुसरी रीत ट्रॅपेझॉइडची. स्कोप एक्स-वाय मोडवर न्या, आडव्या अक्षावर संदेश आणि उभ्यावर एएम लहर द्या. पडद्यावर समलंब चौकोन येतो. त्याच्या दोन उभ्या बाजूंवरून तेच सूत्र लावा. मला स्वतःला ही रीत जास्त भरवशाची वाटते, कारण मॉड्युलेटर रेषीय नसेल तर तिरप्या बाजू वाकलेल्या दिसतात. साध्या चित्रात हा दोष डोळ्यांना कळत नाही. बाजू सरळ असूनही दुहेरी, लंबगोल दिसत असतील तर मॉड्युलेटरचा दोष नाही. संदेश आणि एन्व्हलप यांच्यात थोडा फेजचा फरक पडला आहे, एवढाच अर्थ.

आता संदेशाचा आयाम हळूहळू वाढवा. एम १ झाला की चौकोनाची एक बाजू बिंदूत मिटते आणि त्रिकोण होतो. त्याच्याही पुढे गेलात तर या मल्टिप्लायरवर बिंदूच्या पलीकडे दुसरा, उलटा त्रिकोण उघडतो. कंसातली किंमत ऋण झाली आहे आणि कॅरिअरची फेज १८० अंशांनी उलटली आहे. कलेक्टर मॉड्युलेशनच्या ट्रान्समीटरमध्ये मात्र त्या जागी कॅरिअर बंद पडते, म्हणून त्रिकोणाला एक आडवी शेपटी दिसते. दोन्ही चित्रं ओव्हरमॉड्युलेशनचीच आहेत. तोंडी परीक्षेत दोन्हींतला फरक विचारला जातो आणि कारण सांगता आलं तर समोरच्याला कळतं की तुम्ही सर्किट पाहिलंय.

## पायरी ५: साइडबँड डोळ्यांनी पाहा

एफएफटी चालू करा. मधे १०० किलोहर्ट्झची कॅरिअर, दोन्ही बाजूंना ९९ आणि १०१ किलोहर्ट्झवर साइडबँड. म्हणजे लागणारी बँडविड्थ संदेशाच्या कमाल फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, इथे २ किलोहर्ट्झ.

तीन वेगळ्या रेषा न दिसता एकच जाड टेकाड दिसलं तर घाबरू नका. रेषा १ किलोहर्ट्झच्या अंतरावर आहेत आणि त्या सुट्या दिसायला नोंदीचा कालावधी पुरेसा लांब हवा. पडद्यावर एकूण २० मिलिसेकंद घेतले तर ५० हर्ट्झपर्यंतचा बारकावा मिळतो, तेवढा भरपूर आहे. विंडो हॅनिंग ठेवा. उंची अचूक मोजायची असेल तेव्हा फ्लॅट-टॉप.

प्रत्येक साइडबँडचा आयाम कॅरिअरच्या एम भागिले २ पट असतो. डीबीमध्ये बोलायचं तर एम १ असताना साइडबँड कॅरिअरपेक्षा ६ डीबीने खाली, ०.५ असताना १२ डीबीने, ०.२ असताना २० डीबीने खाली. इंडेक्स लहान असेल तेव्हा एन्व्हलपवरून मोजण्यापेक्षा हीच रीत घ्या.

## पायरी ६: एन्व्हलप डिटेक्टर

आता मॉड्युलेटरचं आउटपुट डायोडला द्या. डायोडच्या पुढे रेझिस्टर आणि कपॅसिटर समांतर, दोन्हींची दुसरी टोकं ग्राउंडला. रेझिस्टर १० किलोओहम, कपॅसिटर १० नॅनोफॅरड. झालं सर्किट. दिसायला एवढं लहान असल्यामुळे घाईने उरकलं जातं, आणि खरं शिकण्यासारखं बरंच इथेच आहे. या पायरीला वेळ द्या.

कॅरिअर वर चढते तेव्हा डायोड चालू होऊन कपॅसिटर भरतो. ती खाली उतरू लागली की डायोड बंद होतो आणि कपॅसिटर रेझिस्टरमधून हळू रिकामा होतो, पुढचं शिखर येईपर्यंत. हे रिकामं होणं किती सावकाश ते आरसी ठरवतो. तो दोन बाजूंनी जखडलेला आहे. कॅरिअरच्या एका आवर्तनात कपॅसिटर फारसा रिकामा होता कामा नये, नाहीतर आउटपुटवर कॅरिअरचे दाते दिसतात. पण एन्व्हलप खाली उतरतो तेव्हा कपॅसिटरलाही तितक्याच वेगाने उतरता आलं पाहिजे. नाही आलं तर तो एन्व्हलप सोडून तिरप्या रेषेत घसरतो. याला डायगोनल क्लिपिंग म्हणतात. ते टाळायची अट:

आरसी ≤ √(१ − एम²) ÷ (एम × ६.२८ × संदेशाची फ्रिक्वेन्सी)

या सूत्रात एम बसला आहे, ते नीट पाहा. डिटेक्टरचा कपॅसिटर कोणता हे मॉड्युलेटरवर ठरतं. आपल्या १ किलोहर्ट्झच्या संदेशासाठी किमती काढू. एम ०.५ असेल तर मर्यादा साधारण २७६ मायक्रोसेकंद. ०.८ असेल तर ११९. ०.९ असेल तर ७७. आणि एम १ असेल तर शून्य, म्हणजे कोणताही आरसी चालणार नाही. आपला १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा आरसी १०० मायक्रोसेकंद आहे. कॅरिअरच्या १० मायक्रोसेकंदांच्या आवर्तनाच्या दसपट, आणि ०.८ पर्यंत सुरक्षित. ०.९ वर तो पुरा पडत नाही.

हे वाचून पुढे जाऊ नका, करून बघा. एम ०.५ वर ठेवा आणि फक्त कपॅसिटर बदला.

- १ नॅनोफॅरड: आरसी १० मायक्रोसेकंद, कॅरिअरच्या एका आवर्तनाइतका. आउटपुट दातेरी.
- १० नॅनोफॅरड: संदेश स्वच्छ, वर बारीक रिपल, म्हणजे कॅरिअरची उरलेली थरथर.
- १०० नॅनोफॅरड: आरसी १ मिलिसेकंद. लहर वर चढताना बरोबर, उतरताना तिरपी सरळ रेष.

मग १० नॅनोफॅरड परत लावा आणि एम ०.५ वरून ०.९ कडे न्या. उतरत्या बाजूला, तळाकडे रेषा एन्व्हलपपासून सुटू लागते ती जागा शोधा. दोन्ही चॅनेल एकाच स्केलवर आणि एकाच शून्यरेषेवर ठेवून एकावर एक आणले की हे स्पष्ट दिसतं.

राहिलेला रिपल काढायला पुढे १० किलोओहम आणि १ नॅनोफॅरडचा आणखी एक लो-पास लावा. त्याची कटऑफ सुमारे १६ किलोहर्ट्झ येते. १ किलोहर्ट्झच्या संदेशाला धक्का लागत नाही आणि १०० किलोहर्ट्झचा रिपल सहा-सातपट घटतो.

खऱ्या रिसीव्हरसाठी हाच हिशेब ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफवर (रिसीव्हरमधल्या ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर) करायचा. संदेश ५ किलोहर्ट्झपर्यंत आणि एम ०.८ धरला तर मर्यादा २४ मायक्रोसेकंद. १० किलोओहम आणि २.२ नॅनोफॅरड घेतले की २२ मायक्रोसेकंद होतात, आणि कॅरिअरचं आवर्तन तर फक्त २.२ मायक्रोसेकंदांचं आहे. छान बसतं.

डिटेक्टरवरच्या अडचणी जरा सविस्तर सांगतो, कारण त्या आकृतीत दिसत नाहीत.

डायोडचा ड्रॉप. सिलिकॉनला चालू व्हायला सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. आपल्या ४ व्होल्टच्या कॅरिअरवर एम ०.८ असेल तर एन्व्हलपचा तळ ०.८ व्होल्टवर येतो, म्हणजे जेमतेम निभावतं. कॅरिअर १ व्होल्टची घेतली असती तर एम ०.५ लाच तळ ०.५ व्होल्टवर गेला असता आणि लहरीचा खालचा भाग कापला गेला असता. डिव्हायडर वापरून कॅरिअर निम्मी केलेल्यांनी इथे जर्मेनियम किंवा शॉट्की लावावा. ०.२ ते ०.३ व्होल्टवर काम भागतं.

डायोडच्या आधीचा कपॅसिटर. डीसी अडवायचा म्हणून काही जण डायोडच्या आधी सिरीजमध्ये कपॅसिटर घालतात. डायोड एकाच दिशेने करंट देतो, त्यामुळे तो कपॅसिटर भरत जातो आणि थोड्याच वेळात डायोड चालू होणंच थांबतं. आउटपुट क्षणभर दिसतं आणि विझतं. डायोडच्या आधी ग्राउंडला जाणारा डीसी मार्ग असलाच पाहिजे. रेडिओत तो आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून मिळतो, इथे मॉड्युलेटरच्या आउटपुटमधून.

पुढच्या टप्प्याचा लोड. डिटेक्टरच्या आउटपुटवर संदेशासोबत डीसीही असतो. आपल्या आकड्यांत साधारण ३.४ व्होल्ट. तो अडवायला १ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर लावून पुढे अ‍ॅम्प्लिफायर जोडला जातो. त्या अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट रेझिस्टन्स १० किलोओहम असेल तर डीसीला दिसतो १० किलोओहम, पण संदेशाला दिसतात दोन १० किलोओहम समांतर, म्हणजे ५. विकृती न होता झेपणारा एम या दोहोंच्या गुणोत्तराएवढाच: ५ भागिले १०, म्हणजे ०.५. त्यावर गेलात की लहरीचे तळ सपाट कापले जातात. आरसीचा हिशेब अगदी बरोबर असूनही हे होतं, म्हणून ते शोधायला फार वेळ जातो. पुढचा लोड १०० किलोओहमचा ठेवा, मर्यादा ०.९ वर जाते. ओळखायची खूण अशी: उतार तिरपा सरळ झाला असेल तर दोष आरसीचा, तळ आडवा कापला असेल तर दोष लोडचा किंवा डायोडच्या ड्रॉपचा.

डायोड उलटा लागला तर काही बिघडत नाही. खालचा एन्व्हलप मिळतो, संदेश उलटा येतो, एवढंच.

एन्व्हलप डिटेक्टर आलेल्या लहरींच्या बेरजेचा एन्व्हलप देतो, कुठली लहर कुणाची हे त्याला ठाऊक नसतं. जवळच्या फ्रिक्वेन्सीच्या दोन कॅरिअर एकदम आल्या तर फरकाच्या फ्रिक्वेन्सीची शिट्टी ऐकू येते. विमानांच्या संभाषणाचा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा बँड आजही एएमवर आहे, आणि तिथे हा गुण उपयोगी पडतो: दोघं एकाच वेळी बोलले तर कमकुवत आवाज गुपचूप दबून जात नाही, कुणीतरी मधे बोललं हे कळतं. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला पार झाकून टाकतो.

## पायरी ७: कॅरिअर काढून टाका

झेडची वायर कॅरिअरवरून काढा आणि ग्राउंडला लावा. नुसती मोकळी सोडू नका. एफएफटीवर मधली रेषा कोसळते, दोन्ही साइडबँड जागच्या जागी राहतात. सगळी पॉवर आता संदेशाच्या कामी.

एन्व्हलप डिटेक्टर तसाच जोडलेला असेल तर त्याचं आउटपुट पाहा. १ किलोहर्ट्झऐवजी २ किलोहर्ट्झ मिळतात. संदेश शून्याखाली जातो तेव्हा कॅरिअरची फेज उलटते, पण एन्व्हलपला फेज कळत नाही. तो खालचा भाग वर दुमडून दाखवतो. साइन वेव्हवर फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली. माणसाचा आवाज असता तर काय बोललं ते न कळण्याइतका बिघडला असता. कंसातला तो १ कशासाठी होता, याचा पुरावा आता तुमच्या पडद्यावर आहे.

## पायरी ८: सिंक्रोनस डिटेक्शन

दुसऱ्या एडी६३३ च्या एक्सला मॉड्युलेटेड लहर द्या, वायला जनरेटरच्या दुसऱ्या आउटपुटवरून त्याच १०० किलोहर्ट्झची कॅरिअर, झेड ग्राउंडला. तिसरा जनरेटर लागू नये म्हणून संदेश स्कोपच्या १ किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेशन टोकावरून घेता येतो. तो चौकोनी असतो आणि बहुधा शून्याच्या वरच्या बाजूलाच असतो, म्हणून १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून द्या आणि पहिल्या आयसीच्या वाय पिनवरून १०० किलोओहम ग्राउंडला जोडा. आउटपुटवर संदेश येतो, सोबत २०० किलोहर्ट्झच्या भोवतीचे घटक. ते १० किलोओहम आणि १ नॅनोफॅरडच्या लो-पासने काढा; एकाने भागलं नाही तर तसेच दोन एकापुढे एक लावा.

आता दुसऱ्या आउटपुटची फेज फिरवा. आउटपुट फेजच्या फरकाच्या कोसाइनप्रमाणे घटतं. ६० अंशांवर निम्मं, ९० अंशांवर शून्य, त्यापुढे उलटं. सर्किट बरोबर असूनही काहीच येत नसेल तर आधी फेज ३०-४० अंशांनी हलवून बघा, वायरी नंतर तपासा.

मग फ्रिक्वेन्सी एका हर्ट्झने बदला, १००.००१ किलोहर्ट्झ करा. संदेश हळूहळू मोठा होतो, नाहीसा होतो, उलटा होऊन परत येतो, आणि हे चालूच राहतं. फरक १०० हर्ट्झचा केला तर डोळ्यांना नुसता गोंधळ दिसतो. दूरच्या रिसीव्हरकडे पाठवणाऱ्याची कॅरिअर नसते, म्हणून त्याला ती आलेल्या साइडबँडमधूनच घडवावी लागते. जॉन कोस्टास यांनी १९५६ मध्ये मांडलेला लूप हे काम करतो. आलेली लहर दोन मल्टिप्लायरना द्यायची, त्यांच्या कॅरिअर एकमेकींपासून ९० अंशांवर ठेवायच्या, दोन्ही आउटपुट लो-पासमधून काढून तिसऱ्या मल्टिप्लायरमध्ये गुणायची, आणि त्या गुणाकाराने रिसीव्हरच्या ऑसिलेटरला खेचून जागेवर आणायचं. आणखी मल्टिप्लायर घेतले तर तिसऱ्या मल्टिप्लायरपर्यंतचा भाग याच ब्रेडबोर्डवर पुढे जोडता येतो. त्याचं आउटपुट स्कोपवर लावा आणि जनरेटरची फेज शून्याच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी हलवा. एका बाजूला सरासरी धन येईल, दुसऱ्या बाजूला ऋण.